सुकदेवचा पाय

माझी बायको गेली तेव्हा तिलासुद्धा ही गोष्ट ठाऊक नव्हती. इतकी वर्षं एका घरात काढली, एकमेकांची खोकल्याची तऱ्हा ओळखत होतो आम्ही — पण हे नाही सांगितलं. मुलांना नाही, भावाला नाही. दोन-तीनदा अगदी ओठांवर आलं होतं, आणि मी पाणी मागितलं. तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखणाऱ्यांसाठी मी उस्ताद आहे, आणि उस्ताद असलं की काही सांगता येत नाही.

उस्ताद! वीट आलाय मला त्या शब्दाचा.

लढाईच्या काळात फौजेच्या वर्कशॉपात मी फिटरचं काम शिकलो. लढाई संपल्यावर बुरहानपूरला परत आलो आणि इतवारा पेठेच्या तोंडाशी एक पत्र्याची शेड घेतली. गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या उघडून परत बसवू शकणारा मी एकटा. मग काय, लोक म्हणू लागले — वामन मिस्तरी बॉनेटवर हात ठेवतो आणि आजार सांगतो. मला ते खोटं आहे हे कळत होतं. पण ऐकायला गोड लागत होतं. तुम्हाला नसतं लागलं?

ते दिवस नुसते धावपळीचे होते. जुनी राज्यं मोडून नवी जुळत होती. आपलं गाव मुंबईकडे जाणार की इकडेच राहणार, राजधानी नागपूरची उठून कुठे जाणार, यावर चौकाचौकात वाद. आमचे एक वकीलसाहेब होते, त्यांना यातलं फार वेड. आज खंडव्याला कोर्ट, उद्या नागपूरला कुणाला तरी अर्ज, परवा जळगावला बैठक. त्यांची काळी चार सिलिंडरची विलायती गाडी सारखी रस्त्यावर. आणि ती चालवणारा सुकदेव.

सुकदेव बहादरपूरचा. उंच, हडकुळा, बोलणं हळू. सोळा वर्षं त्याने ती एकच गाडी चालवली होती, आणि वकीलसाहेबांच्या घरच्यांपेक्षा तो तिला जास्त ओळखत होता. सकाळी हँडल मारून गाडी सुरू करायच्या आधी तो तिच्या मडगार्डवर हात फिरवायचा — देवाच्या मूर्तीवरून फिरवतात तसा. मला त्याचंही हसू यायचं तेव्हा.

एका उन्हाळ्यात गाडीचा क्लच गेला. मी गिअरबॉक्स उतरवला, प्लेट बदलली, परत चढवला. साधं काम. इथे तुम्हाला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिनच्या मागे एक जड लोखंडी चाक असतं आणि त्यावर क्लचचं झाकण बोल्टांनी बसतं. दोन्ही एकत्र फिरतात, म्हणून कारखान्यात दोन्ही एकत्र तोललेली असतात, आणि दोन्हींवर एकेक टिंब ठोकलेलं असतं. बसवताना टिंबासमोर टिंब आणायचं, बस. नाही आणलं तर झाकण बसतं, गाडी चालते — पण तोल जातो. वेग वाढला की सगळं इंजिन थरथरतं.

हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं! फौजेत पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. पण त्या दिवशी वकीलसाहेबांचा माणूस सकाळपासून तीन वेळा येऊन गेला होता — झालं का, झालं का, साहेबांना निघायचंय. मी वैतागलो होतो. हाताला ग्रीस, डोळ्यांत घाम. बोल्ट लागले, मी आवळले.

चार दिवसांनी सुकदेव गाडी घेऊन आला. म्हणाला, "उस्ताद, गाडी थरथर करून राहिली."

मी म्हटलं, रस्ता खराब आहे.

"रस्त्याची बात नाही ना, उस्ताद. उभ्या गाडीला रेस दिली तरी थरथरते. क्लचचं काम झालं तेव्हापासूनच."

बघा. दोन वाक्यांत त्याने सगळं सांगून टाकलं होतं. उभी असताना थरथरते म्हणजे चाकांचा दोष नाही, शाफ्टचा नाही — इंजिनाचाच. आणि क्लचच्या कामानंतर, म्हणजे कुठे, हे शेंबडं पोरही सांगेल. मला काय झालं? मला राग आला. मी बसवलेला क्लच आणि हा ड्रायव्हर मला शिकवतो! मी म्हटलं, "तू चालव, मी बघतो."

मग तीन आठवडे मी बघत होतो. काय काय नाही केलं! प्लग काढले, साफ केले. एकेका प्लगची वायर सुटी करून ऐकलं, कुठला सिलिंडर मिसिंग मारतो, ठोका चुकवतो का — चारही नीट. कार्बोरेटर खोलला. इंजिन ज्या रबरांवर बसतं, ज्याला आम्ही फाउंडेशन म्हणतो, ते नवं टाकलं. पंख्याचं एक पातं वाकलंय म्हणून ते सरळ केलं. ते वाकलेलं नव्हतंच. दर वेळी सुकदेव गाडी घेऊन जायचा आणि दोन दिवसांनी परत यायचा, तेच सांगायला, त्याच हळू आवाजात. त्याला बघितलं की माझं डोकं फिरायचं. गाडीवर लाथ मारली मी एकदा. सुकदेवने बुटाचा डाग रुमालाने पुसला.

आता मला सांगा — जो माणूस प्लगपासून पंख्यापर्यंत सगळं खोलतो आणि फक्त क्लच तेवढा उघडत नाही, त्याला काय माहीत नसतं? मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो की तेव्हा मला कळलं नव्हतं. खोटं आहे. जिथे दोष नाही तिथेच मी इतकं मन लावून शोधत होतो, कारण तो कुठे आहे हे आत कुठेतरी मला समजलं होतं.

एक दिवस वकीलसाहेब स्वतः आले. खंडव्याच्या वाटेत गाडी इतकी हलली होती की त्यांच्या मांडीवरचे कागद खाली पडले, आणि कोर्टात उशीर झाला तो वेगळाच. ते शेडमध्ये उभे राहिले आणि चिडून म्हणाले, "वामनराव, एकदाच काय ते सांगा. दोष गाडीत आहे की चालवणाऱ्यात?"

हा प्रश्न त्यांनी असाच का विचारला? 'तुमच्या कामात आहे का' असंही विचारता आलं असतं. पण त्यांच्या डोक्यात ते आलंच नाही — मी उस्ताद ना! त्यांनी दोनच दारं उघडली, आणि मी त्यातल्या एकातून निघून गेलो. मी म्हटलं, "साहेब, खरं सांगू? त्याचा पाय क्लचवरून उचलतच नाही. अर्ध्या क्लचवर चालवतो. इंजिनाची नस ढिली झाली आहे."

इंजिनाची नस! असं काही नसतं. कुठल्याही इंजिनाला नस नसते.

सुकदेव बाहेर गाडीपाशी उभा होता. ऐकू गेलं असणार. त्याने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. सोळा वर्षं, आणि एका दिवसात. वकीलसाहेब वाईट नव्हते. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढंच.

आठवड्याने नवा ड्रायव्हर गाडी घेऊन आला. थरथर तीच. आता पाय बदलला होता, आता मी कुणाला बोट दाखवणार होतो? म्हटलं, जुन्या ड्रायव्हरने केलेलं नुकसान आहे, ते काढावं लागेल, ठेवून जा. मग शेडचं दार लावून घेतलं आणि गिअरबॉक्स उतरवला. झाकण समोर आलं. टिंब शोधायला लागलंच नाही — एक वर होतं, दुसरं पार खाली उजवीकडे. मी तिथेच जमिनीवर बसलो. आश्चर्य वाटलं का? नाही. तेच तर सांगतोय. आश्चर्य वाटलं नाही.

टिंबासमोर टिंब आणून झाकण बसवलं. संध्याकाळी वकीलसाहेबांनी चालत्या इंजिनाच्या बॉनेटवर पाण्याने भरलेला पेला ठेवला. पाणी जेमतेम शहारलं. ते खुश होऊन म्हणाले, "पाहिलंत? सुकदेवचाच पाय होता."

मी म्हटलं, "हो."

आणि हे गावभर झालं. ड्रायव्हर बदलला आणि गाडी नीट झाली — यापेक्षा मोठा पुरावा कुठला? सुकदेवला दुसरीकडे कोण ठेवणार? एका कापसाच्या जिनिंगवाल्याकडे ट्रक होता, तिथे तो काम मागायला गेला. त्यांनी मलाच विचारायला माणूस पाठवला. मी नुसते खांदे उडवले. तेवढं पुरलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी तुम्हाला हे सांगायला बसलो नसतो कदाचित. माणूस घाबरतो, एक खोटं बोलून जातो. पण पुढे सुकदेव माझ्याकडे आला. दुपारची वेळ, मी डबा खात होतो. वाटलं, भांडायला आला. यावं! मी तर मनातून वाट बघत होतो. त्याने चार शिव्या घातल्या असत्या, क्लचचं नाव काढलं असतं, तर मी कदाचित — कदाचित — ओरडून का होईना, बोलून गेलो असतो. पण तो चपला काढून शेडमध्ये आला आणि म्हणाला, "उस्ताद, माझा पाय कुठे गलत पडतो, एकदा दाखवून द्या. मला काही समजूनच नाही राहिलं."

काय माणूस होता हा! मला त्याची कीव आली नाही त्या वेळी, चीड आली. अरे, तुला माहीत आहे ना दोष कुठे होता? तूच पहिल्या दिवशी सांगितलास ना? मग माझ्या तोंडचं खरं का धरतोस?

आणि मी काय केलं माहीत आहे? त्याला शिकवलं. दुरुस्तीला आलेली एक जीप होती, तीत त्याला बसवलं, मी बाजूला बसलो आणि गावाबाहेर आमच्या लालबागच्या रस्त्याला नेलं. तो नेहमीसारखा चालवत होता. छान चालवत होता — गिअर बदलल्याचं पाठीला कळत नव्हतं. आणि मी ओरडत होतो, "पाय उचल! बघ, परत ठेवलास! उचल!" त्याचा पाय क्लचवर नव्हताच. पण मी ओरडलो की तो दचकून बघायचा, आणि मग पुढच्या वेळी खरंच चुकायचा. अर्ध्या तासात तो धक्के मारत चालवायला लागला. एका बैलगाडीमागे जीप बंद पडली. त्याने परत चालू केली, परत बंद. त्याचा डावा गुडघा लटलट कापत होता. मी तो बघितला. तो गुडघा मी स्वतः कापायला लावला होता.

"तुमचं खरं आहे, उस्ताद," तो म्हणाला. उतरला, आणि परत पायी गेला.

त्यानंतर त्याने स्टिअरिंग धरलं नाही. स्टेशनवर केळीचे घड वॅगनमध्ये भरायचं काम करू लागला. मी सुट्या भागांची पार्सलं सोडवायला तिकडे जायचो. तो दिसला की लांबूनच नमस्कार करायचा, खांद्यावर घड असला तरी.

दोन-तीन वर्षं गेली असतील. नवं राज्य होऊन बसलं होतं, सरकारी कामं वाढली होती, आणि ब्लॉकच्या, म्हणजे गटविकासाच्या ऑफिसात नवी जीप आली. जुना, हात बसलेला ड्रायव्हर पाहिजे होता. तिथल्या साहेबाने मला एखादं नाव सुचवायला सांगितलं. मी म्हटलं, बघतो. ही बातमी सुकदेवची बायको यशोदा हिच्या कानावर कशी गेली कोण जाणे. ती माझ्या घरी आली. बायकोने तिला चहा दिला. ती कप हातात धरून म्हणाली, "भाऊ, त्यांची पाठ गेली घड उचलून उचलून. सायबाने बोलावलं तरी ते जाणार नाहीत. म्हणतात, माझा पाय खराब आहे. तुम्ही म्हणून द्या ना एकदा, की आता ठीक झाला. तुमचंच ऐकतील."

यात मला काय कबूल करायचं होतं? काहीच नाही! टिंबाचं नाव काढायला नको, क्लचचं नको. 'सुकदेव, तुझा पाय आता ठीक आहे' — एवढंच म्हणायचं होतं. तो उठून गेला असता. सरकारी नोकरी, सावलीतलं काम.

मी तिला म्हटलं, "वहिनी, सरकारी गाडी आहे. जोखीम नको."

का? शंभरदा विचारलंय मी हे स्वतःला. कारण ती जीप माझ्याच शेडमध्ये येणार होती. तो रोज माझ्यासमोर येणार होता, आणि चांगली चालवणार होता. एक दिवस कुणीतरी म्हणालं असतं, अरे, हा तर मख्खन चालवतो, मग तेव्हा काय झालं होतं? एवढ्यासाठी. माझी बायको दारात उभी होती. तिला वाटलं मी जबाबदारीने बोलतोय. यशोदाने चहा पिऊन कप स्वतः धुतला आणि गेली. ब्लॉकच्या जीपवर मी दुसऱ्याचं नाव दिलं.

अजून एक राहिलं.

खूप वर्षांनी, मी आणि सुकदेव दोघंही म्हातारपणाला लागल्यावर, इच्छापूरला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. आपापले गेलो होतो. परतीच्या बसमध्ये गाठ पडली. तो माझ्या शेजारी येऊन बसला. नातवाचं काय काय सांगत होता. बस जुनी. निघाली तशी हलायला लागली. गिअर पडताना तर सगळी माणसं एकमेकांवर आपटत होती. बायका देवीचं नाव घेऊ लागल्या. सुकदेव बोलता बोलता थांबला. डोळे मिटले, खिडकीच्या दांडीला बोट लावलं, आणि माझ्या कानाशी म्हणाला, "डाव्या बाजूचं फाउंडेशन तुटलं याचं. बोल्ट राहिला नाही. सांगा ना त्याला, उस्ताद."

मला काही कळलं नव्हतं. खरंच सांगतो — मी बसचा आवाज ऐकतच नव्हतो.

"तूच सांग," मी म्हटलं.

"मी?" तो हसला. "मला काय समजते त्यातलं."

मी उठलो, ड्रायव्हरला थांबवलं, सांगितलं — डाव्या बाजूचं फाउंडेशन बघ. बॉनेट उघडलं. रबर चिरून खाली पडलं होतं, बोल्टचा पत्ता नाही, इंजिन एका बाजूला झुकलेलं. ड्रायव्हरने मला हात जोडले. आतून कुणी म्हणालं, हे इतवाऱ्याचे उस्ताद, बसल्या जागी सांगतात. कुणी प्रसादाचा नारळ माझ्या हातात दिला. मी तो घेतला.

जागेवर आलो तेव्हा सुकदेव पुढच्या बाकावरच्या बाईला सांगत होता — अभिमानाने, अगदी घरच्या माणसाबद्दल सांगावं तसं — "आमचे उस्ताद आहेत. माझी पण चूक यांनीच पकडली होती. नाहीतर मी जिंदगीभर तशीच गाडी चालवली असती."

ती बाई माझ्याकडे बघून हसली. मी पण हसलो.

सुकदेव त्यानंतर चार वर्षं जगला. बहादरपूर माझ्या घरापासून सायकलने अर्धा तास. रविवारी शेड बंद असायची, आणि सायकल मला तेव्हा चालवता येत होती. मी गेलो नाही.